खारीचे बांध आणि खाडीचे पाणी

पालघर-तारापूर किनाऱ्याच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपल्या मंडळींचे लक्ष प्रथम जाते ते किल्ल्यांकडे. हे साहजिकच आहे. दातिवऱ्यापासून डहाणूपर्यंत बहुतेक प्रत्येक खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी कोट किंवा बुरूज उभारला. वसईच्या मोहिमेत, १७३९ सालच्या जानेवारी महिन्यात, चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, ही हकीकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. परंतु याच खाड्यांच्या आतल्या अंगास, किल्ल्यांच्या पाठीशी, मातीचे जे लांबच लांब बांध पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, पडले आणि पुन्हा उभे केले गेले, त्यांची हकीकत सांगणारा सहसा भेटत नाही. किल्ला ओस पडला तरी त्याच्या भिंती शतकभर उभ्या असतात. बांधाकडे चार वर्षे पाठ फिरवली की त्याचा चिखल होतो आणि मागे खूणही उरत नाही. आपल्या पूर्वजांच्या पोटापाण्याचा संबंध मात्र त्या बुरुजांपेक्षा या चिखलाशी अधिक होता. म्हणून या वर्षीच्या अंकात त्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. उत्तरेकडून खाली येऊ लागलो की डहाणूची खाडी, मग चिंचणी व तारापूर या दोन गावांस विभागणारी खाडी, पुढे दांडी-उच्छेळी आणि नवापूर यांच्यामधील खाडी, मुरबे व सातपाटी यांमधील खाडी, माहीमची खाडी, केळवे-दांड्याची खाडी आणि शेवटी वैतरणेचे विशाल मुख असा क्रम लागतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरांचे अंतर पडते. जमीन सपाट, उतार अगदी अल्प. त्यामुळे भरतीचे पाणी खाडीच्या फाट्याफाट्यांतून मैलोगणती आत शिरते आणि सहा तासांनी माघारी जाते. या पाण्याखाली दिवसातून दोनदा जाणारी आणि दोनदा उघडी पडणारी जी चिखलट जमीन, ती खाजण. तीच बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतली म्हणजे तिला खार म्हणावयाचे. खारेकुरण या गावाच्या नावातच हा इतिहास साठविलेला आहे.

खाजणाची खार करावयाची ती कशी, हे आजच्या तरुण पिढीस सांगणे अवश्य आहे. कारण ही विद्या पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. काम हिवाळ्यात व उन्हाळ्यात, पाऊस नसताना चाले. त्यातही अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस निवडीत. कारण त्या दिवसांत भरती दुबळी असते. खाजणातीलच चिकणमातीचे ढेकूळ कापून एकावर एक रचावयाचे, त्यात भाताचा पेंढा व फांद्या घालून माती बांधून घ्यावयाची, पायथा रुंद व माथा अरुंद ठेवावयाचा, आणि जेथे लाटेचा मारा असेल तेथे बाहेरच्या अंगास दगड लावावयाचे. बांध दोन्ही टोकांकडून पुढे आणीत. मुख्य ओहोळ वाहतो तेथली खांड मात्र अखेरपर्यंत मोकळी ठेवीत. ती बुजविण्याचा दिवस हा कसोटीचा दिवस. ओहोटी पूर्ण लागल्यापासून पुढची भरती चढेपर्यंत जेवढा अवधी, तेवढ्यात शेकडो हातांनी माती लोटून खांड बंद झाली पाहिजे. अर्धवट राहिली तर महिन्याभराचे श्रम एका भरतीत वाहून जावयाचे.

आणि खांड बंद झाली तरी काम संपत नाही. आत पडलेल्या पावसाच्या पाण्यास बाहेर जाण्याची वाट हवी आणि बाहेरच्या खाऱ्या पाण्यास आत येण्याची वाट बंद हवी. या दोन्ही गरजा एकाच ठिकाणी भागविणारी युक्ती म्हणजे उघाडी. बांधाच्या पोटात मोरी घालून तिच्या खाडीकडील तोंडाला लाकडी झाप अशा रीतीने बसवितात की तो बाहेरच्या बाजूसच उघडेल. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच झाप मोरीवर घट्ट बसतो. ओहोटी लागली व आतले पाणी उंच झाले की तेच पाणी झाप ढकलून बाहेर पडते. माणसाने हात न लावता समुद्रच दार लावतो आणि समुद्रच दार उघडतो. एवढी साधी व एवढी बुद्धिमान रचना ज्यांनी प्रथम केली त्यांची नावे आपणास ठाऊक नाहीत. परंतु झापात एखादे लाकूड अडकले, शेवाळ साचले, बिजागरी गंजली, की सारा खेळ बिघडतो. बांधास चिंबोऱ्या व उंदीर बिळे पाडतात. त्या बिळांतून झिरपू लागलेले पाणी एका उधाणात हातभर भोक पाडते आणि दुसऱ्या उधाणात खांड. श्रावण-भाद्रपदात, आतून पावसाच्या पाण्याचा व बाहेरून उधाणाचा दाब एकाच वेळी असताना, रात्री कंदील घेऊन बांधावरून फेरी मारणे हे खार असलेल्या गावाचे नित्यकर्म होते.

बांध पुरा झाल्यावरही जमीन लगेच पिकत नाही. दोन-तीन पावसाळे मातीतील मीठ धुऊन निघण्यास द्यावे लागतात. प्रथम नुसते खारे गवत उगवते, मग भात. खारीत गोड जमिनीप्रमाणे नांगरणी व लावणी करावयाची नसते. बी भिजवून, मोड आणून, ते रहू पद्धतीने फेकावयाचे. येथील जुनी लाल भाते, ज्यांना राता म्हणतात, ती मीठ सोसणारी. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राच्या कामातून काळा राता व भुरा राता यांचे निवडक वाण आणि पुढे पनवेल-१, २, ३ ही भाते शेतकऱ्यांपर्यंत गेली, ती याच जातकुळीच्या अभ्यासातून. रात्याचा भात जाडा व लाल, पण पोटभरीचा; नाचणी-वरीवर दिवस काढणाऱ्या घरास तो सणाचाच वाटे.

आपण वाडवळ मंडळी स्वतःस बागाईतदार म्हणवितो. केळी, पानवेल, भाजीपाला ही आपली ओळख, आणि केळवे-माहीमची विड्याची पाने दूर उत्तर हिंदुस्थानापर्यंत जात. पण ही वाडी कशावर उभी आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यात विहिरीस गोडे पाणी लागते ते पावसाचे. खाऱ्या पाण्यापेक्षा हलके म्हणून ते वर राहते. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडीचे फाटे. खाडीकडचा बांध शाबूत असला की आतली जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते व विहिरी गोड राहतात. बांध फुटला की आधी भात जाते आणि मग वाडीच्या विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागते. म्हणजे ज्याची एक गुंठाही खार नाही त्या बागाईतदाराचे हितही त्या बांधात गुंतलेले असते.

आता हे बांध कोणी घातले, या प्रश्नाकडे वळू. आपल्या स्मरणिकांतून बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांचे वर्णन दर वर्षी येते. त्यास आधार असलेली महिकावतीची बखर इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली, आणि ती महिकावती म्हणजे आपले केळवे-माहीम होय, असे त्यांचे मत. बखरीतील शक व वंशावळी यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. इतके मात्र खरे की नवी वसाहत करणाऱ्यास खाजणाखेरीज मोकळी सपाट जमीन या किनाऱ्यावर थोडीच होती. पोर्तुगीज अमलात खाजणे उठविणाऱ्यास अल्प धाऱ्याने जमीन देण्याची वहिवाट होती. मुंबईतील फोरास जमिनींचे नाव त्या धाऱ्यावरूनच पडले, आणि १८५१ साली इंग्रजांना त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मराठी अमलात इस्ताव्याचा कौल देत; आरंभी सारा माफ अथवा नाममात्र आणि पुढे वर्षागणिक चढता. दक्षिणेस पेण-पनवेलकडे शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रीदाराने बांध घालून तो राखावयाचा आणि त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागे ठराविक भात घ्यावयाचे. इंग्रजी अमलात मोठ्या धनिकांस पट्टे मिळू लागले. १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांस भाईंदर, मिरा व घोडबंदर येथील जमिनीचा पट्टा मिळाला, तोही खारे पाणी थोपविणारे बांध घालावे व राखावे या हेतूने. त्या पट्ट्यावरून पुढे किती कज्जे झाले ते ठाणे जिल्ह्यात सर्वश्रुत आहे.

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान दिसते. जमीन देणाऱ्याने ती नुसती जमीन म्हणून दिली नव्हती. बांध राखण्याचे ओझे तिच्या बरोबरच दिले होते. कौल हा त्या ओझ्याचा कौल होता.

येथे एक अप्रिय गोष्ट नमूद करणे भाग आहे. कौलात नाव येते ते घराण्याचे. माती वाहिली ती मात्र इतरांनी. आपल्या भागात शेतमजुरी बव्हंशी वारली, दुबळा, कातकरी या बांधवांनी केली. त्यांतील कित्येक लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबत. १९४५ साली तलासरी-उंबरगाव-डहाणू भागात गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखाली वेठबिगारीविरुद्ध जो उठाव झाला, त्याची कारणे आकाशातून पडलेली नव्हती. आमच्या आजोबांनी बांध घातला, असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यातील कर्ता जरा तपासून घ्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बांधाने जमीन दोन भागांत विभागली तसे पाणीही विभागले, आणि पाण्याबरोबर माणसेही. बांधाच्या आत शेतकरी, बाहेर मच्छीमार. खाजण म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने पडीक भूमी. पण कोळी-मांगेला बांधवांच्या दृष्टीने ती कोलंबी, बोय, निवटे, चिंबोऱ्या यांची जन्मभूमी. शिवाय खाजणात पसरणारे भरतीचे पाणी ओहोटीस ज्या वेगाने परत फिरते, तो वेगच खाडीचा तळ धुऊन काढतो. खाजणे बांधून टाकली की आत शिरणारे पाणी कमी, परत फिरणारे पाणी कमी, वेग कमी. मग गाळ बसू लागतो. सातपाटीच्या खाडीत गाळ साचून ओहोटीस नौका अडकून पडतात, ही तेथील बंदराची जुनी तक्रार आहे. गाळाची कारणे अनेक असतात आणि सारा दोष खारीच्या बांधांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण खाडी अरुंद होण्यात आपलाही वाटा असतो, हे आपल्या सभांतून कधी बोलले जात नाही.

गोव्यात या दोन्ही हितांची सांगड बऱ्याच अंशी घातलेली दिसते. तेथे खारीस खाजन व उघाडीस मानस म्हणतात. गावकरी संस्था मानशीतील मासेमारीचा लिलाव करी. भाताच्या हंगामात खारे पाणी बाहेर ठेवावयाचे आणि पीक निघाल्यावर मर्यादेने आत घ्यावयाचे. त्याबरोबर मासळी येई. एकाच दाराने भात व मासा दोन्ही दिले. अर्थात तेथेही सारे आलबेल राहिले नाही. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. त्यांतील पुष्कळ संघ कागदावरच राहिले, आणि मासळीच्या लोभाने मानशी नको तेव्हा उघडल्या जाऊ लागल्या.

आपल्याकडील उलथापालथ त्याच्या दीड दशक आधीची. १९३३ ते १९३९ पर्यंत अलिबागच्या खारेपाटात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप चालला. खोताने पीक न्यावे व कुळाने उपाशी राहावे, ही स्थिती त्याच्या मुळाशी होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कूळ कायदा झाला, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारा मालक झाला. हे योग्यच झाले. परंतु जुन्या मालकाबरोबर बांध राखणारा जुना हातही गेला. जमिनीची वाटणी कुळांमध्ये एकर-दीड एकराने झाली. बांधाची वाटणी करता येत नाही. ज्याचे शेत बांधास लागून आहे तो म्हणे मी एकट्याने का राखावा; ज्याचे आत आहे तो म्हणे माझ्या शेताला बांधच नाही. सरकारला हे उमगले नव्हते असे नाही. १९४८ सालीच मुंबई खारजमीन कायदा करून स्वतंत्र विकास मंडळ स्थापण्यात आले, आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. अनेक योजना झाल्या, दगडी बांध झाले, सिमेंटच्या उघाड्या झाल्या. त्यांचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. पण खांड भाद्रपदाच्या रात्री पडते आणि अंदाजपत्रक मार्चमध्ये मंजूर होते. या दोहोंमधील अंतरात भाताचे एक पीक जाते. दोन पिके गेली की शेतकरी बोईसरला कारखान्यात कामास लागतो, आणि मग बांध दुरुस्त झाला काय नि न झाला काय, त्यास सारखेच.

याच प्रश्नाचे उत्तर हॉलंड देशाने कसे शोधले ते पाहण्यासारखे आहे. तेथे तेराव्या शतकापासून जलमंडळे आहेत. बांधाआड ज्यांची जमीन त्यांनीच मंडळ निवडावे, कर द्यावा, बांध राखावा. आजही अशी २१ मंडळे तेथे काम करीत आहेत. जुन्या काळी असा दंडक होता की आपल्या वाटणीचा बांध राखणे ज्यास अशक्य होई त्याने बांधात फावडे रोवून निघून जावे. ते फावडे जो उपसून घेईल त्याची ती जमीन आणि त्याचाच तो बांध. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे समुद्राने तेथील बांध फोडले व एकट्या हॉलंडात अठराशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर बहुतेक खाड्यांची मुखे कायमची बंद करण्याची योजना आखली गेली. ओस्टरशेल्ड या खाडीतील मच्छीमारांनी व इतरांनी त्यास विरोध केला, आणि अखेर १९८६ साली पूर्ण झालेल्या तेथील बांधास पोलादी दरवाजे बसविण्यात आले. एरव्ही ते उघडे असतात, वादळ आले की बंद होतात. खर्च प्रचंड वाढला, पण शिंपल्या व मासळी वाचली. आपल्या उघाडीचीच ती थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही.

आपल्या भागात दरम्यान पाण्याचे नवे वाटेकरी आले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरची अणुवीज सुरू झाली; तिचा पुढील विस्तार २००५-०६ साली चालू झाला, त्यापायी अक्करपट्टी व पोफरण या गावांस उठावे लागले. बोईसरनजीक तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिचे सांडपाणी नवापूरकडे समुद्रात सोडले जाऊ लागले. येथे एका ज्ञातिसंस्थेचे कार्य मुद्दाम सांगावेसे वाटते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि २०२२ साली न्यायाधिकरणाने कारखान्यांवर व सामुदायिक सांडपाणी केंद्रावर मोठ्या भरपाईचा आदेश काढला. वधुवर मेळावे व गुणगौरव एवढ्यावर ज्ञातिसंस्थेचे कार्य थांबत नाही, हे त्यांनी दाखविले. आपण मात्र त्या वेळी स्वस्थ होतो. उघाडीचा झाप खारे पाणी अडवितो. खाडीतून भरतीबरोबर येणाऱ्या रसायनांचा बंदोबस्त त्याच्या आवाक्यातील नाही.

वरच्या अंगाने येणारे गोडे पाणीही वाटले गेले आहे. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ पासून मध्य वैतरणा ही धरणे मुंबईची तहान भागवितात. सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरार व मिरा-भाईंदरसाठी नळाने नेण्याची योजना झाली. नदीचे पाणी घटले की खारे पाणी खाडीत अधिक वर चढते. आणि आता तारापूरच्या उत्तरेस वाढवण येथे बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. त्यासाठी समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर भूमी निर्माण करावयाची आहे. आपल्या पूर्वजांनी दोन शतकांत जेवढी खाजणे उठविली त्यापुढे हा आकडा ठेवून पाहावा असा मोह होतो. पण तुलना येथेच सोडून देतो, कारण बंदराचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने आजचा निकडीचा प्रश्न निराळाच आहे. खांड पडून राहिलेल्या खारीत पाच-सात वर्षांत तिवरे उगवतात. तिवरे ही किनाऱ्याची ढाल आहेत, मासळीचे पाळणाघर आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली व पुन्हा २०१८ साली त्यांच्या तोडीस मनाई केली ती सर्वथा उचित आहे. पण त्यामुळे असे घडते की ज्या जमिनीत आजोबांनी राता पिकविला, सातबाऱ्यावर जिचा आकार आजही लागतो, ती जमीन नातवास पुन्हा बांधता येत नाही. एकीकडे महसुली दप्तरात ती शेती, दुसरीकडे वनखात्याच्या नकाशावर ती तिवरांचे रान. काही जागी शेतकऱ्याची बाजू खरी असते. काही जागी जमिनीच्या दलालानेच बांध फुटू दिलेला असतो. कोणती जागा कोणत्या प्रकारची, हे ठरविण्यास पुरावा लागतो, आणि तो पुरावा सरकारी दप्तरांत जितका आहे तितकाच आपल्या माळ्यांवरील ट्रंकांत आहे.

म्हणून सभासद कुटुंबांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी खारीच्या कौलाचे वा पट्ट्याचे कागद, बांधाच्या दुरुस्तीचे हिशेब, बांधासाठी काढलेल्या वर्गणीच्या वह्या, खारजमीन मंडळाच्या नोटिसा किंवा उघाडीच्या खर्चाच्या पावत्या असतील, त्यांनी त्या वाळवी लागण्यापूर्वी काढून त्यांची छायाप्रत करून ठेवावी. कागद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून त्याचे बालबोध करून घ्यावे. वृद्ध मंडळींस खारीत नेऊन जुना बांध कोठून कोठवर होता, उघाडी कोठे होती, खांड कोणत्या साली पडली, हे विचारून घ्यावे आणि सर्व्हे नंबरासह लिहून ठेवावे. सोबत बांधावर राबणाऱ्यांची नावे आठवत असतील तर तीही लिहावी. हे काम ओहोटीच्या वेळी, शक्यतो भांगाच्या दिवशी करावे. उधाणात जुन्या बांधाचा माथादेखील पाण्याखाली असतो.